दोन घटकांचा संन्यास

खुशालरावांनी झोळीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवलं आणि स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यासमोर उभं राहून ते म्हणाले, "नारायण!"

आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. आत जात्याची घरघर थांबली. दळायला कोण बसलं होतं ते त्यांना न बघताच कळलं. लेक शकुन खुंटा सैल धरायची, मग जातं मधेच अडखळायचं आणि पीठ जाडंभरडं पडायचं. "खुंटा घट धर वं पोरी," हे शब्द जिभेच्या टोकाशी आले होते. ते त्यांनी तिथंच अडवले. भिक्षेला आलेल्या संन्याशानं दारात देवाच्या नावापलीकडे काही बोलायचं नसतं.

शकुनची आई कौशल्या बाहेर आली. ज्वारीच्या अर्ध्या भाकरीवर तिनं ठेचा ठेवला होता. हाताला हात लागणार नाही इतक्या उंचीवरून तिनं भाकरी झोळीत सोडली. तिची नजर झोळीवरच होती. मनगटं उघडी होती, आणि तिथली कातडी बाकीच्या हातापेक्षा उजळ दिसत होती. इतकी वर्षं बांगड्यांखाली तिला ऊन लागलंच नव्हतं.

गोठ्यातून पांढऱ्या बैलानं मान लांबवली आणि खुशालरावांच्या कोपराला जीभ लावली. बैलाला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याच्या खांद्यावर जुवाचा घट्टा पडून तो सुजला होता. कापसाच्या खेपा करून करून जनावराचा पार पिट्ट्या पडला होता. खुशालरावांचा हात आपसूक त्या सुजेवर गेला, आणि तसाच मागं आला.

"शकुन," कौशल्या आत तोंड करून म्हणाली, "बैलाच्या खांद्याले हयद-तेल लाव वं."

मग तिनं दार ओढून घेतलं. पूर्ण नाही, अर्धंच. खुशालराव पुढच्या घराकडे वळले. सोमगिरी महंतांचा दंडक असा होता, की भिक्षेला निघालं की ओळीनं जायचं. आवडतं घर निवडायचं नाही, नकोसं घर टाळायचं नाही. आता ज्याचं स्वतःचंच घर ओळीत येतं त्यानं काय करावं, हे त्या दंडकात नव्हतं. कवठा गावात अशी वेळ याआधी कुणावर आलीच नव्हती.

कवठा मूर्तिजापूरच्या अलीकडे, अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर होतं. दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि त्यामुळे वऱ्हाडातल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला होता. ज्वारीची वावरं मोडून लोकांनी कापूस पेरला. वाटेवरची धूळ दिवसभर खाली बसत नसे. गाड्यांबरोबर बैलांच्या गळ्यात पितळी घुंगरं आली, बायकांच्या अंगावर चांदी आली, आणि कार्तिकात त्याच वाटेनं पटकीही आली.

खुशालरावांना सकाळी पहिली उलटी झाली. दुपारपर्यंत डोळे खोबणीत गेले आणि पोटऱ्यांना गोळे येऊ लागले.

गावात एक जुनी रीत होती. मरायला टेकलेल्या माणसाला मठातले महंत येऊन संन्यास देत. शेंडी कापायची, कपाळाला भस्म लावायचं, अंगावर भगवं घालायचं आणि स्वतःच्या हातानं स्वतःचा पिंड द्यायचा. म्हणजे मरताना माणूस कुणाचा बाप नाही, कुणाचा नवरा नाही, कशाचा मालक नाही. सगळी ओझी उतरवून मोकळा जीव देवाकडे जातो. गावात याला दोन घटकांचा संन्यास म्हणत, कारण तो तेवढाच टिकायचा. घेणारा दिवस मावळायच्या आत जायचा. रीत सगळ्यांच्याच सोयीची होती. तिच्याबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही, कारण तक्रार करायला कुणी मागं उरतच नसे.

खुशालराव उरले.

महंतांना त्यांनीच बोलावून घेतलं होतं. वैराग्याचं म्हणाल तर त्यांच्या अंगी त्याचा लवलेश नव्हता. ते निव्वळ घाबरले होते. मठातल्या कथेत त्यांनी ऐकलं होतं, की जीव जाताना ज्यात मन अडकतं तोच जन्म पुढं मिळतो. आणि त्यांचं मन तर गोठ्यात, वावरात, कणगीत, जिथं तिथं अडकलेलं. आपल्याच गोठ्यात बैल होऊन जन्माला येऊ आणि पोरगा आपल्याच पाठीत बैल हाकायची तुतारी टोचील, या विचारानं त्यांना घाम फुटला होता. सोमगिरींनी कानाशी वाकून विचारलं, "मांगं फिरता येनार नाई. कबूल?" खुशालरावांनी घाईघाईनं मान हलवली. दोन घटकांचा तर प्रश्न होता.

त्यांचा हात धरून महंतांनी पिंड ठेवायला लावला तेव्हा पलीकडे काहीतरी कडकडलं. वाळलेल्या तुरी कुणी झोडपतंय, असं त्यांना ग्लानीत वाटलं. त्या कौशल्येच्या बांगड्या होत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पेज मागितली.

त्या पेजेनं सगळ्या गावाची पंचाईत केली. पंच बसले. पिंड दिला म्हणजे माणूस गेला, यावर त्यांचं एकमत होतं. गेलेला माणूस घरात परत आला तर त्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही आणि त्या घरची लेक कुणी करायची नाही, हेही ठरलं. मग चौघांनी खुशालरावांना उचललं आणि नदीकडे न नेता गावाबाहेरच्या मठात नेऊन ठेवलं. अंगावरची भगवी छाटीसुद्धा त्यांच्याच जुन्या धोतराची होती. कापूस पिकवणाऱ्या मुलखात कापड इतकं महागलं होतं, की मरणाऱ्यासाठी नवं आणणं कुणालाच परवडत नव्हतं. गेरूत बुडवूनही त्याचा काठ अजून दिसत होता.

मठ म्हणजे शेणानं सारवलेल्या दोन खोल्या, एक महादेव आणि समोर निंबाचं झाड. सोमगिरींनी त्यांना नाव दिलं केवलगिरी. दिवसभर निंबाखाली बसायचं, डोळे मिटायचे, आणि मनात जे जे येईल त्याला विचारायचं, हा मी काय? नसलो तर ते देवाच्या पायाशी ठेवून पुढं जायचं. ठेवता ठेवता जो ठेवणारा उरेल, तो आपण आणि तोच देवाचा, असं सोमगिरी सांगत.

"आज काय ठेवलं?" ते रोज विचारायचे.

"नाल्याकाठचं वावर ठेवलं," खुशालराव म्हणाले. "घर ठेवलं. बैल ठेवले. हे गुडघेबी ठेवले, महाराज, पन थे दुखतेत."

"दुखू दे. गुडघे दुखून राह्यले हे जो पायते, त्याचे गुडघे दुखतेत काय?"

खुशालरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाई वाटत."

"मंग थो कोन?"

"थोच तं म्हन्ते महाराज, का मले घरी जाचं हाय."

सोमगिरी हसले नाहीत. हातातली चिलीम त्यांनी बाजूला ठेवली. म्हातारा माणूस, पण नजर अजून शाबूत होती.

"माहीबी चूक झाली," ते म्हणाले. "तुही नाडी म्या पाह्यली नाई. मरनारा मानूस अन् भेलेला मानूस सारखेच दिसतेत."

"म्या भेऊनच घेतलं, महाराज. देवासाठी नाई घेतलं."

"भेऊन हाक मारली तरी थो ओ देते. त्याले त्याचं काई नाई. पन हाक मारनारा कोन व्हता, थे तुले पाहा लागन." चिलीम पुन्हा उचलून ते म्हणाले, "पुनवेले साधूंची जमात येईन. शिवरातीले ओंकारेश्वराले जाऊन राह्यले थे. त्यायच्यासंग जाय. इथं राह्यला तं रोज तोच उंबरा दिसन."

"अन् नाई गेलो तं?"

"तुले कोनी बांधलं काय? दोर कुठी हाय, दाखव मले."

तिथंच तर सगळं अडलं होतं. दोर दिसला असता तर खुशालरावांनी तो दातांनी तोडला असता. पायांत बेडी नाही, दाराला कडी नाही, आणि घर तर मठाच्या ओट्यावरून दिसत होतं. सांजच्याला चुलीचा धूर निघाला की आज तुरीच्या काड्या जाळल्या की कापसाच्या पऱ्हाट्या, तेही त्यांना रंगावरून सांगता आलं असतं. तरी तिथवरची वाट त्यांना बंद होती. गाव त्यांच्या पाया पडायचं, आणि पाया पडता पडताच दूर सरायचं. जिवंतपणी भूत होणं म्हणजे काय, ते त्यांना आता कळून चुकलं होतं.

पौर्णिमेला थोडे दिवस उरले असताना पोरगा चंद्रभान आला. कापसाची गाडी भरून तो अकोल्याला निघाला होता. मठासमोर त्यानं गाडी थांबवली, पण ओट्यावर बसला नाही. बापासारखाच रुंद खांद्यांचा गडी, आणि बापासमोर उभं राहताना अजूनही हात कुठं ठेवावेत ते त्याला समजत नव्हतं.

"महाराज," तो म्हणाला, आणि शब्द तोंडात कडू लागल्यासारखा थांबला. "शकुनचं अमरावतीले जमलं हाय."

"आयकलं म्या."

"पाव्हने पुसत व्हते, पोरीचा बाप हाय का नाई. हाय म्हनावं तं कन्यादान थोच करन. नाई म्हनावं तं वरीसभर लगन नाई."

खुशालरावांना एरवी हसू आलं असतं. "मंग काय सांगतलं?"

"मायनं सांगतलं. बाप देवाचा झाला, कन्यादान मामा करन. थे मानले. वैशाखात लगन धरलं." चंद्रभाननं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "पन तुमी घरात पाय ठेवला तं सोयरीक मोडली, असं म्हनलं त्याईनं."

"तुही माय काय म्हन्ते?"

"काई नाई म्हनत. दिवसभर वावरात असते. येचाले बाया भेटत नाई, समद्यायचे भाव वाढले. तं थेच येचते."

तो वाकला आणि साधूच्या पडावं तसा त्यांच्या पाया पडला. गाडीवर चढला, कासरा हातात घेतला, आणि तिथून, मान न वळवता म्हणाला, "थंडीचं भाईर निजत नोका जाऊ, बा." मग त्यानं बैलांना उगाच जोरानं हाकारलं.

त्या 'बा'नं खुशालरावांचं उरलंसुरलं बळ काढून घेतलं. निंबाखाली बसून त्यांनी डोळे मिटले, पण त्या दिवशी देवाच्या पायाशी काहीच ठेवलं गेलं नाही. उलट ठेवलेलं सगळं एकेक करून ते परत उचलत राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांचा बेत पक्का झाला. जमातीबरोबर जायचंच नाही. सरळ अकोला गाठायचं. तिथं कापसाचे गंज पडलेत, सरकी काढायला, गठाणी बांधायला माणसं मिळत नाहीत, कुणाला कुणाचं नाव विचारायला फुरसत नाही. भगवं फेकून द्यायचं, एखादी खोली बघायची. वैशाखात शकुनचं लग्न उरकलं की कौशल्येनं गुपचूप यायचं. सोयरीकही राहिली आणि संसारही राहिला. महंत म्हणतात दोर कुठं आहे. हा बघा, सोडवला.

ती येईल याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. कौशल्येनं आजवर कशाला नाही म्हटलं होतं?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ऊन तापल्यावर, त्यांनी झोळी खुंटीला अडकवली आणि नाल्याच्या आडोशानं ते वावरात गेले. शेवटची वेचणी चालू होती. लांब टोकाला दोन-तीन बाया होत्या. अलीकडच्या ओळीत कौशल्या एकटीच, लुगड्याचा ओचा कमरेला खोचून कापूस वेचत होती. ओटी भरून तिचं पोट पुढं आल्यासारखं दिसत होतं. चंद्रभानाच्या वेळी ती अशीच दिसायची, हे खुशालरावांना आठवलं.

"कौशल्या."

तिचा हात थांबला नाही. बोंडातून कापूस ओढायचा, पातीचा कचरा फुंकायचा, ओटीत टाकायचा.

"मले तुह्यासंग बोलाचं हाय."

"बोला."

त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. अकोला, खोली, वैशाख. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला, पोरासारखा अधीर झाला. "तिकडे आपल्याले कोनी ओयखत नाई," ते शेवटी म्हणाले. "सुखानं राहू."

"कोनासंग राहू तिकडे?" कौशल्येनं विचारलं.

"माह्यासंग!"

"तुमी कोन?"

त्यात टोमणा नव्हता. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला विचारावं तसं तिनं साधंच विचारलं होतं. खुशालरावांनी तोंड उघडलं. नवरा म्हणावं, तर समोर तिची मनगटं होती. घरधनी म्हणावं, तर ज्या वावरात ते उभे होते तेही आता त्यांचं नव्हतं. केवलगिरी म्हणायला जीभ वळेना. निंबाखाली या प्रश्नाला दिवस न् दिवस मिळायचे. इथं तिला उत्तर आत्ताच हवं होतं.

"तुले मालूम नाई काय?" ते म्हणाले.

"मले मालूम व्हतं." ती पहिल्यांदाच थांबली. ओटीचं ओझं तिनं दोन्ही हातांनी सावरलं. "तुमच्या पायाले गोळे येत व्हते. चोळून चोळून माहे हात सुजले. तुमी डोये उघडले, अन् म्हनलं, महंताले बलवा. माह्याकडे पाह्यलंबी नाई."

"मले भेव वाटून राह्यलं व्हतं."

"मालूम हाय. मलेबी वाटून राह्यलं व्हतं."

वाटेवरून गाड्यांची रांग चालली होती. घुंगरांचा आवाज वावरापर्यंत येत होता.

"तुमी मेले असते तं मी रडली असती," ती म्हणाली. "समद्या बाया रडतेत तशी. मरन काई तुमच्या हातात नव्हतं. पन तुमी मराच्या आंधी मले सोडलं. थे तुमच्या हातात व्हतं. तुमी जिते व्हते तवा माह्या बांगड्या फोडल्या. तुमाले आवाज आला असन."

"आला," खुशालराव म्हणाले. खोटं बोलावंसं त्यांना वाटलं नाही. "मले वाटलं, कोनी तुरी झोडपून राह्यलं."

कौशल्येच्या ओठांच्या कडा हलल्या. ते हसू होतं की काय, ते त्यांना ओळखता आलं नाही. इतक्या वर्षांच्या बायकोचा चेहरा आपल्याला वाचता येत नाही, याची त्यांना तिथं उभ्या उभ्या लाज वाटली. निंबाखाली बसून त्यांनी वावर ठेवलं होतं, बैल ठेवले होते, गुडघेसुद्धा ठेवले होते. हिला ठेवायची वेळ मात्र कधीच आली नव्हती. हिला तर त्यांनी सगळ्यात आधी टाकलं होतं, इतक्या सहज, की काही हातातून सुटलं हेही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि इतके दिवस ते समजत होते, अडकून पडलो ते आपण एकटेच.

"चुकलो मी," ते म्हणाले.

"हाव." तिनं ते साधेपणानं मान्य केलं. वाद नव्हता, राग असलाच तर तो जुना झाला होता. "पन मी तिकडे येनार नाई."

"लोकायले भेते?"

"नाई." तिनं ओळीवरून नजर फिरवली. फुटलेली बोंडं अजून बरीच होती. "पह्यले पह्यले घर खायाले उठे. कोनाची मी, काई समजे नाई. तुमची म्हनावं तं तुमी नाई, देवाची म्हनावं तं मले कोनी भगवं देल्लं नाई. रोज इथं येऊन उभी राहो. येचता येचता एक दिस वाटलं, कोनाचीच नाई तं नाई. मी हाय ना." ती जरा संकोचली. इतकं लांब ती कधी बोललेली नव्हती. "आता इथं आली का बरं वाटते मले."

महंत रोज ज्या जागेपर्यंत खुशालरावांना हाताला धरून नेऊ बघायचे, तिथं ही ओटीत कापूस घेऊन उभी होती, आणि आपण कुठं येऊन पोचलो याची तिला फारशी मातब्बरीही वाटत नव्हती. त्यांना तिचा हेवा वाटला. मग हेवा ओसरला आणि नुसतं एकटेपण उरलं.

तिनं पदरानं कपाळ पुसलं, सूर्याकडे पाहिलं, आणि मग सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. आजवर कधी पाहिलं नव्हतं तसं, गावातल्या दुसऱ्या कुणा भल्या माणसाकडे पाहावं तसं.

"किती येळचे उनात उभे हा तुमी," ती म्हणाली. "पानी पेता काय, खुशालराव?"

उभ्या संसारात ते नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. लग्नात उखाण्यासाठी बायकांनी तिला धरून बसवलं होतं, तेव्हा ती रडवेली होऊन पळाली होती. शेजारणींजवळ 'आमच्या घरचे', आणि हाक मारायचीच झाली तर 'आयकलं काय'. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं.

खुशालरावांना वाटलं होतं, त्या नावानं आपल्याला कुणी हाक मारली की आपण उठून घरी जाऊ. आता हाक आली होती. सगळ्यात जवळच्या तोंडून आली होती. आणि ते नाव दोघांच्या मधे, पऱ्हाटीच्या ओळीत, कुणाचं तरी पडलेलं पागोटं असावं तसं त्यांना वेगळं दिसत राहिलं. हा मी नव्हे, असं म्हणावंसुद्धा लागलं नाही. ते आपोआप गळून पडलं होतं, आणि तरी पाहणारा कुणीतरी तिथं उभाच होता. त्याला ऊन लागत होतं, त्याच्या घशाला कोरड पडली होती.

"माहं नाव घेतलं तू," ते म्हणाले.

"आता घेता येते," कौशल्या म्हणाली.

बांधावरच्या बाभळीखाली मडकं होतं. ती पुढं चालली, खुशालराव तिच्यामागं गेले. ते खाली उकिडवे बसले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली. तिनं वरून धार धरली. पाणी गार होतं. ते कोपरांवरून ओघळून छाटीवर सांडलं, मांडीवरून मातीत गेलं. पिता पिता त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. ओंजळ रिकामी झाली तरी त्यांनी ती तशीच धरून ठेवली. तिनं आणखी ओतलं.